श्रीनाथमहाराजांचे खेळगाणे

पैठणची वारी करून आलेल्या माळकऱ्याला तिथे काय काय पाहिले म्हणून विचारावे, तर तो गोदेचा घाट सांगतो, समाधी सांगतो, नाथांच्या वाड्यातला रांजण सांगतो. त्यालाच नाथांचे एखादे भारूड म्हणून दाखवा म्हटले, की तो आधी हातातली पिशवी खाली ठेवतो, उपरण्याचा शेव कमरेला खोवतो, जागा मोकळी आहे ना हे इकडेतिकडे पाहून घेतो आणि मगच तोंड उघडतो. भारूड बसून म्हणता येत नाही, बरे का! एकनाथी भागवत स्नान करून, पाटावर बसून, पोथीपुढे निरांजन लावून वाचायचे. भारूड उभ्याने, घामाघूम होऊन, गिरक्या घेत, समोरच्या मंडळींना हसवीत म्हणायचे. आणि दोन्ही एकाच हातची आहेत.

नाथांचे चरित्र सांगताना आपण त्यांची शांती सांगतो, भूतदया सांगतो, ग्रंथ सांगतो. ते सांगावेच. पण त्या घरात हसू होते, खेळ होता आणि दिवसाच्या बारीकसारीक कामांना चिकटलेले गाणे होते, ही गोष्ट घाईत मागे पडते. आज तीच सांगावी असे मनात आहे. या गाण्यापायी त्यांच्या घरात एकदा मोठे दुःखही आले. तेही ओघाने येईल.

नाथांचा जन्म पैठणास शके १४५५, म्हणजे इ. स. १५३३ च्या सुमारास झाला, असे परंपरेने मानतात. पणजोबा भानुदास. विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती ज्यांनी पंढरीस परत आणली असे सारा वारकरी सांप्रदाय सांगतो, ते हे भानुदास. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. दोघेही मूल कळते होण्याआधीच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वतीबाई यांनी नातवाला वाढवले. म्हातारपणी मुलगा-सून गमावलेले ते जोडपे, आणि त्यांच्या ओट्यावर हे एक लेकरू! अशा घरात रडण्याला कारणे पुष्कळ होती. चरित्रकार मात्र वेगळेच सांगतात. हे पोर कुठलासा दगड उचलून आणायचे, त्याला देव करायचे, त्याच्यावर फुले घालायचे आणि खांद्यावर एखादी फळी टाकून तिलाच वीणा म्हणत त्या देवापुढे नाचत गायचे. आजीला हे पाहून काय वाटले असेल ते आईबापांनी आपल्याच मनाला विचारावे. देवपूजा आणि खेळ यांत भिंत असते हे त्या मुलाला ठाऊकच नव्हते. पुढे मोठेपणी कळले असेल, पण त्यांनी ती भिंत काही बांधून घेतली नाही.

बाराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा घरी न सांगता देवगिरीस गेला. तिथे जनार्दनस्वामी किल्लेदार होते. मूळचे चाळीसगावचे, निजामशाहीच्या चाकरीत असलेले, आणि मनाने दत्तप्रभूंचे. एका हाती किल्ल्याचा कारभार आणि एका हाती परमार्थ असा हा विलक्षण पुरुष. नाथांनी त्यांच्या घरी सेवा केली, त्यांच्यापाशी ज्ञानेश्वरी आणि भागवत ऐकले, आणि दप्तराचे कामही शिकले. तिथलीच ती हिशेबाची गोष्ट आहे. आपण सर्वांनी ती ऐकलेली आहे, पण पुन्हा ऐकण्याजोगी आहे.

एके दिवशी जमाखर्चात थोडा फरक निघाला. कोणी दमडीचा म्हणतात, कोणी पैचा. नाथ दिवा लावून वह्या घेऊन बसले. प्रहरामागून प्रहर गेले. जेवण नाही, झोप नाही. पुष्कळ रात्र झाल्यावर ती चूक सापडली, आणि हा कारकून एकटाच बसल्या जागी टाळ्या पिटून हसू लागला. त्या आवाजाने स्वामी जागे झाले. चौकशी केली, आणि मग शिष्याला म्हणाले की दमडीची चूक सापडल्याचा जर एवढा आनंद, तर या संसाराच्या खात्यातली मोठी चूक सापडल्यावर केवढा आनंद होईल याचा विचार कर. उपदेश तर खराच. पण मला त्या टाळीचेच कौतुक जास्त वाटते. मध्यरात्री, रुक्ष हिशेबाच्या वहीवर, कोणी पाहत नसताना ज्याच्या हातून आपोआप टाळी वाजते, तो माणूस पुढे टाळकऱ्यांचा राजा व्हायचाच! स्वामींनीही त्या टाळीबद्दल त्याला रागे भरले नाही. तिला फक्त दिशा दाखवली.

पुढे शूलभंजन पर्वतावर तप झाले, गुरूंबरोबर त्र्यंबकेश्वरापर्यंत यात्रा झाली, तिथे गुरुआज्ञेने चतुःश्लोकी भागवतावर मराठी टीका झाली. मग लांबची तीर्थयात्रा. शेवटी गुरूंची आज्ञा आली की पैठणास राहा आणि गृहस्थाश्रम कर. नाथ गोदातीरी परत आले. विजापूरकडच्या एका घराण्यातील गिरिजाबाईंशी त्यांचा विवाह झाला. आता इथून पुढे त्यांचे चरित्र म्हणजे एका घराचे चरित्र आहे. जंगलात जाऊन बसलेल्या साधूला गाण्यासाठी सारा दिवस मोकळा. नाथांना तसे नव्हते. पाहुणा, मागता, आजारी, शिष्य, मुले, ओले सरपण आणि संपत आलेले पीठ यांच्यामधून त्यांना गाणे काढायचे होते.

दिवसाचा क्रम ठरलेला. पहाटे उठून चिंतन, गोदावरीचे स्नान, पूजा, गीतेचा पाठ, दुपारी येईल त्या अतिथीसह जेवण, तिसऱ्या प्रहरी भागवत किंवा ज्ञानेश्वरीचे निरूपण, आणि रात्री कीर्तन. रात्रीचे हे कीर्तन म्हणजे नाथांच्या वाड्याचा जीव. त्यात गावातले शास्त्री कमी आणि दिवसभर राबून आलेली माणसे जास्त. अशा माणसाला डोळ्यावर झोप असते, अंग दुखत असते. त्याच्यापुढे मायावाद मांडून काय होणार? त्याला आधी हसवावे लागते. नाथांनी हे ओळखले, आणि माझ्या मते भारुडाचा उगम बराचसा इथेच आहे.

त्या घरातला विनोद कसल्या जातीचा होता, याची एक कथा परंपरा सांगते. नाथांना राग येत नाही ही ख्याती ऐकून काही टवाळांनी एका गरजू ब्राह्मणाशी पैज लावली. नाथांना राग आणून दाखव, तुला दोनशे रुपये देतो. बिचाऱ्याच्या मुलाची मुंज अडली होती. तो आला, आणि नाथ पूजेस बसले असता सरळ त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी हसून त्याच्या प्रेमाचे कौतुक केले आणि त्याला जेवायला थांबवून घेतले. पंगतीत गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तर हा गृहस्थ त्यांच्या पाठीवरच चढला! नाथ म्हणाले, सांभाळ हो, पाहुणे पडतील. त्यावर त्या माउलीने सहज सांगितले की काळजी नको, आमचा हरी असाच पाठीवर चढतो, मला सवय आहे. ब्राह्मण रडू लागला. खरे काय ते कळल्यावर नाथांनी, आधी सांगितले असते तर तुमच्या कामासाठी मी रागावून दाखवले असते, असे म्हटल्याचेही सांगतात. नवरा-बायको दोघेही एका तालावर असल्याशिवाय असे उत्तर येत नाही. नाथांच्या गाण्यातला जो खेळकरपणा आपण वाखाणतो, त्यात गिरिजाबाईंचा वाटा किती होता हे कोणी मोजलेले नाही. चरित्रे लिहिणारे सगळे बुवाच ना!

असो. आता त्या गाण्याकडे वळू.

जुन्या गावातली सकाळ डोळ्यांपुढे आणा. अजून उजाडायचे आहे. घरोघर जाती फिरू लागली आहेत, आणि जात्याच्या घरघरीवर बायकांच्या ओव्या. तेवढ्यात मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव चिपळ्या वाजवीत दारी येतो. दिवस वर आला की जोशी भविष्य सांगायला, गारुडी पेटारी घेऊन, डोंबारी ढोलके घेऊन. मंगळवार-शुक्रवारी जोगवा मागणारी. लग्नाघरी रात्री संबळ आणि दिवटी घेऊन गोंधळी. कधी कवड्यांच्या माळा घातलेला भुत्या, कधी अंगावर कोरडे ओढणारा पोतराज. संध्याकाळी पोरांचे विटीदांडू आणि हुतुतू, श्रावणात पोरींच्या फुगड्या आणि पिंगा. गाव म्हणजे दिवसभर चाललेले एक गाणेच. आणि ही गाणारी माणसे कोण? ज्यांना वाड्याच्या उंबऱ्याच्या आत कोणी घेत नाही, पसाभर दाणे सुपात टाकून ज्यांना पुढे जा म्हणतात, ती.

शास्त्री हे ऐकून कपाळाला आठी घालीत. नाथ कान देऊन ऐकत. या प्रत्येकाची चाल, त्याचे बोल, त्याचे हातवारे, त्याची फिरकी, सगळे त्यांनी उचलले आणि त्यात हरी बसवला. हे कसे केले ते नीट पाहण्यासारखे आहे. वासुदेवाचे गाणे उचलले तर पहाटेची वेळही उचलली आणि चिपळीही उचलली. जोशी बोलवला तर तो खऱ्या जोशाच्याच ऐटीत होरा सांगतो, फक्त भविष्य निघते ते जीवाचे. गोंधळ आणि जोगवा देवीचाच राहिला, पण मागणे बदलले. आता पदरात द्वैत जाऊन बोध पडावा असे मागणे आले. एकूण भारुडे तीनशेच्या आसपास, आणि त्यांचे विषय शंभराहून अधिक. एवढे वेश एकाच माणसाच्या अंगी! पुष्कळ लोकांत रूढ असलेले म्हणून बहुरूढ, आणि त्याचे भारूड झाले, असे त्या शब्दाचे मूळ सांगतात. दुसरीही मते आहेत. तो वाद पंडितांकडे राहू द्या.

विंचवाचे भारूड कोणाला माहीत नाही? एकाला विंचू चावतो आणि तो बोंब मारीत येतो. सोंग घेणारा पाय धरून असा काही नाचतो, विव्हळतो, की पोरे हसून लोळतात. कळ वर चढत जाते. मग हळूच कळते की हा विंचू भिंतीच्या फटीतला नव्हे, काम-क्रोधाचा आहे, आणि त्याला उतारा सत्त्वगुणाचा लागतो. हसता हसता श्रोत्याचा हात आपल्याच पायाकडे जातो! विसाव्या शतकात शाहीर साबळे यांनी हे भारूड आपल्या आवाजाने घराघरांत पोचवले. ज्यांनी जन्मात कीर्तनाला पाऊल ठेवले नाही तेही ते गुणगुणू लागले.

रोडग्याचे घ्या. सासुरवाशीण देवीला नवस बोलते, की हे सासर तेवढे माझ्या वाटेतून दूर कर, तुला रोडगा वाहीन. मग एकेकाची यादी. सासरा, सासू, जाऊ, नणंद, कोणी सुटत नाही, शेवटी नवऱ्याचाही नंबर लागतो. समोर बसलेल्या सासवा आणि सुना दोन्हीही खुदखुदतात. सुना जरा पदराआड, हे उघड आहे. अर्थ असा की अहंकाराचा हा सारा गोतावळा सरला म्हणजे जीव एकटा, आपल्या एकाजवळ राहतो. पण वाचकहो, नुसता हा अर्थच खरा आणि ती सुनेची तक्रार खोटी, असे मी म्हणणार नाही. घराघरांतल्या ज्या गोष्टी बाईमाणसाला तोंडाने काढता येत नव्हत्या, त्या नाथांनी तिला चारचौघांत, देवासमोर, टाळाच्या ठेक्यावर गायला दिल्या. तिने आधी मन मोकळे करावे, मग अर्थ कळेल तेव्हा कळेल. नाथांना घाई नव्हती.

मुका आणि बहिरा यांची भारुडे हल्ली काहींच्या कानाला बोचतात. ती पुरती ऐकावीत. तिथला मुका म्हणजे वादात दुसऱ्याची तोंडे बंद करणारा पंडित, आणि बहिरा म्हणजे धडधाकट कान असून संतांचे बोल न ऐकणारा. टोला कोणाला आहे ते त्या काळच्या पैठणकरांना बरोबर कळत होते. काही भारुडे गावकुसाबाहेरच्या माणसाच्या तोंडी आहेत. तो पाटलाला जोहार घालतो आणि गावाची खबर सांगतो. गाव म्हणजे देह. ज्याला बोलायचे तर दूर उभे राहून बोलावे लागे, त्याच्या तोंडी नाथांनी वेदान्त ठेवला, आणि रात्रीच्या कीर्तनात त्याचे सोंग स्वतःच्या अंगावर घेतले. ही थट्टा नव्हती. याच नाथांनी गोदेच्या तापल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे मूल कडेवर घेतले आणि राण्या नावाच्या अंत्यज भक्ताच्या घरी जेवण केले, असे त्यांची चरित्रे सांगतात. गाणे आणि वागणे एकाच मापाचे होते, म्हणून तर गावात गवगवा झाला.

एक मौज आणखी सांगतो. देवगिरीच्या दप्तरातले दिवस नाथ विसरले नव्हते. अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र, कौल अशी सरकारी कागदांच्या थाटाची भारुडे त्यांनी केली. फारसी शब्दांची तीच सलामी, तोच मजकुराचा डौल. शरीर हा परगणा, जीव हा शेकदार, बुद्धी ही कारकून, आणि वसुलीला यम येऊन बसला आहे अशी तक्रार धन्याकडे जाते! ज्या कुणब्याला कचेरीच्या कागदाची धास्ती वाटे, त्याला तोच कागद कीर्तनात गाऊन दाखवल्यावर काय हसू फुटत असेल! हिशेबाच्या वहीवर वाजलेली ती टाळी अशी पुन्हा वाजली.

पोरांच्या खेळांतही त्यांनी हात घातला. हमामा, हुतुतू, विटीदांडू, टिपरी, फुगडी, पिंगा. फुगडी खेळणाऱ्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. दोघींनी हात घट्ट धरायचे, पाय जवळ जवळ ठेवायचे आणि अंगाचा भार मागे टाकायचा. भार टाकायला जी कचरते तिची फुगडी फिरत नाही. ताठा सोडावा लागतो. नाथांना याहून वेगळा दृष्टान्त शोधावा लागलाच नाही. आषाढीच्या वाटेवर दिंड्या विसाव्याला थांबल्या की आजही म्हाताऱ्या बाया आणि पागोटेवाले बाप्ये फुगड्या घालतात. ओळखीपाळखीचे नसलेलेसुद्धा एकमेकांचे हात धरतात.

हे सगळे करणारा माणूस विद्वत्तेत कमी होता म्हणून लोकांकडे वळला, असे कोणी समजू नये. भागवताच्या एकादश स्कंधावरची त्यांची टीका, एकतीस अध्यायांची आणि अठरा हजारांहून अधिक ओव्यांची, काशीत शके १४९५ म्हणजे इ. स. १५७३ साली पुरी झाली. पहिले पाच अध्याय पैठणास झाले होते. काशीच्या पंडितांनी प्राकृतात भागवत आणल्याबद्दल आधी रोष धरला आणि नंतर ग्रंथाची मिरवणूक काढली, ही कथा प्रसिद्ध आहे. रुक्मिणीस्वयंवर त्याच्या दोन वर्षे आधीचे. म्हणजे काशी जिंकली होती. पण घर जिंकायचे राहिले होते.

नाथांना एक मुलगा आणि दोन मुली. मुलगा हरिपंडित मोठा शास्त्री निघाला. त्याला वडिलांचे प्राकृत निरूपण मानवेना, परान्न घेणे मानवेना. एवढा ज्ञानी बाप रात्री सोंगे आणून नाचतो, हे त्या तरुण पंडिताला कसे सोसावे? त्याच्यावर उगीच दात खाऊ नये. तो काही दुष्ट नव्हता. ज्या शास्त्राचा त्याने जन्मभर अभ्यास केला त्याची चाड त्याला होती. तो घर सोडून काशीला गेला. गिरिजाबाईंच्या पोटात काय कालवले असेल!

नाथ त्याला आणायला काशीस गेले. हरिपंडिताने दोन अटी घातल्या. प्राकृत पुराण सांगायचे नाही, आणि दुसऱ्याच्या घरचे अन्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

इथे जरा थांबावेसे वाटते. ज्याने वासुदेवापासून पोतराजापर्यंत साऱ्यांचे गाणे आपलेसे केले, तो आपल्या अंगणात गप्प बसला. मुलगा संस्कृतात पुराण सांगू लागला. विद्वान होता, सांगणे शुद्ध होते. पण श्रोते एक एक करून गळू लागले. शेतकरी येईना, बाया येईनात. ज्या वाड्यात बसायला जागा नसे तिथे जागा उरू लागली. नाथांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. मुलाला वादात हरवणे त्यांना अवघड नव्हते. पण वादाने हरलेला मुलगा गायला लागत नाही, हे ते जाणून होते.

पुढची कथा अशी सांगतात. पैठणात एका गरीब बाईने सहस्रभोजनाचा संकल्प केला होता. परिस्थिती फिरली, आणि तो पुरा करणे तिच्या हाती उरले नाही. एका ब्रह्मनिष्ठाला जेवू घातले तर हजारांचे पुण्य लागते, असे कोणी सुचवल्यावरून तिने नाथांना बोलावले. परान्नाची अट होती, म्हणून स्वयंपाक हरिपंडितानेच करावा असे ठरले. जेवण झाले. नाथांनी मुलाला पत्रावळ उचलायला सांगितली. उचलली, तर खाली दुसरी. ती उचलली, तर तिसरी. अशा हजार पत्रावळी त्याने उचलल्या, आणि त्याचा ताठा उतरला. प्राकृत पुराण पुन्हा सुरू झाले, वाडा पुन्हा भरला. भाविकांनी या चमत्काराचा आनंद घ्यावा. मला त्यात बापाचा स्वभाव दिसतो. उष्टी पत्रावळ उचलणे हे पंगतीतले सर्वांत हलके काम. शास्त्र्याला त्यांनी ते करायला लावले, तेही जवळजवळ खेळात. ती हजारावी पत्रावळ उचलताना हरिपंडिताला हसू आले असेल का हो?

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत पाठांत शिरलेली भेसळ काढून टाकली. हे काम किती जोखमीचे! रात्री वेशांतर करून नाचणारा हाच माणूस माउलीच्या अक्षराला दिवसा किती जपून हात लावतो, ते पाहावे. आपली एकही ओवी कोणी त्यात घालू नये, असे त्यांनी बजावून ठेवले.

उतारवयात भावार्थ रामायण घेतले. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि हात थांबला. उरलेले गावबाने पुरे केले. हा गावबा कोण? लहानपणी त्याला पुरणपोळीखेरीज काही सुचत नसे. आई कंटाळून त्याला नाथांच्या घरी घेऊन आली, आणि नाथांनी रोज पुरणपोळी देण्याच्या बोलीवर त्याला ठेवून घेतले. मंत्र शिकवावा तर त्याच्या तोंडी एकनाथ एवढेच नाव. गावाने त्याला खुळा म्हटले होते. पुढे त्याने लिहिलेले अध्याय नाथांच्या अध्यायांशेजारी बसतात. पोळ्या लाटणाऱ्या गिरिजाबाईंचे इथेही स्मरण ठेवावे.

नाथांनी देह ठेवला तो शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस. इ. स. १५९९ असे साल धरतात. जनार्दनस्वामींचीही हीच तिथी. आदल्या दिवशी रंगपंचमी असते. माणसांच्या अंगावरचा रंग पुरता उतरलेला नसतो, आणि गोदेच्या वाळवंटात दिंड्या उतरू लागतात. पंढरीखालोखाल मोठी वारी भरते ती ही. वाड्यातला रांजण भरण्यासाठी बाया-बाप्ये नदीवरून पाणी आणतात. परंपरा सांगते की श्रीखंड्या होऊन भगवंताने या घरी बारा वर्षे असेच पाणी भरले. षष्ठी, सप्तमी आणि मग अष्टमी. अष्टमीच्या सायंकाळी सूर्य मावळतीला आला की काल्याची हंडी फुटते. दही-लाह्या अंगावर उडतात, शेजारचा शेजाऱ्याला भरवतो, आणि कुठल्यातरी फडातला एखादा म्हातारा विणेकरी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालून, पागोटे सावरून, समोरच्यापुढे फुगडीसाठी हात करतो.